नदीत धुतलेला बाप्तिस्मा: क्रुसेडमुळे ख्रिस्ती धर्म खरंच पसरला का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले ‘अं’ आणि मधेच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसं बोललो तसं.)

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. क्रुसेडमुळे ख्रिस्ती धर्म पसरला का?

बहुतेक जण लगेच म्हणतात, हो, अर्थात. फौज गेली, तलवार उगारली, समोरच्याने धर्म बदलला, विषय संपला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इतिहासात तर एवढीच गोष्ट असते. पण सिनेमे आणि गेम्समधून आपल्याला जी क्रुसेड्स माहीत आहेत, म्हणजे जेरुसलेमची, त्यांनी धर्म फारसा पसरवलाच नाही. आणि जी खरोखर लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी लढली गेली, त्यांची नावंही आपल्या कानावर आलेली नसतात. आज त्यांच्याबद्दल बोलू. जागा आहे बाल्टिक समुद्राचा किनारा. आजचे एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया, पोलंडचा ईशान्य कोपरा आणि रशियाचं कालिनिनग्राद. मोबाईलवर नकाशा उघडून ठेवलात तर मजा येईल.

आधी जेरुसलेमचं पटकन उरकतो. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप अर्बन दुसरा याने हाक दिली. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं, ११८७ मध्ये सलाउद्दीनने ते परत घेतलं आणि १२९१ मध्ये अक्को हे बंदर गेल्यावर तिथला कारभार आटोपला. या सगळ्याचा हेतू होता पवित्र जागा ताब्यात घेणं. तिथल्या मुसलमानांना ख्रिस्ती करणं हा मुख्य कार्यक्रम नव्हताच. उलट एक विचित्र गोष्ट घडायची. १२१६ मध्ये जाक द व्हित्री नावाचा फ्रेंच माणूस अक्कोचा बिशप झाला. त्याची तक्रार अशी की इथले ख्रिस्ती मालक आपल्या मुसलमान गुलामांना बाप्तिस्मा घेऊ देत नाहीत. का? तर बाप्तिस्मा झाला की गुलाम सुटायची शक्यता, मग फुकटचं काम कोण करणार? म्हणजे माणूस स्वतःहून धर्मात यायला तयार, आणि क्रुसेडवाल्यांचीच पोरंनातवंडं दार लावून बसलेली.

१२०४ मध्ये तर चौथ्या क्रुसेडच्या फौजेने कॉन्स्टँटिनोपल लुटलं. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती शहर. रोमचं चर्च आणि पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च यांच्यातली दरी त्यानंतर बुजलीच नाही. तेव्हा जेरुसलेमवाल्यांच्या नावावर ‘प्रसार’ या रकान्यात फार काही लिहिता येत नाही.

आता उत्तरेकडे चला.

पहिला प्रयत्न, ११४७

दुसऱ्या क्रुसेडच्या वेळी उत्तर जर्मनीतले सरदार म्हणाले, आम्ही जेरुसलेमला कशाला जायचं, आमच्या शेजारीच पेगन आहेत. पेगन म्हणजे आपापल्या जुन्या देवांना, झाडांना, नद्यांना मानणारे लोक. एल्बे नदीपलीकडचे स्लाव लोक, ज्यांना जर्मन ‘वेंड’ म्हणायचे, ते असे होते. पोपने परवानगी दिली. त्या काळातला सगळ्यात वजनदार ख्रिस्ती साधू, क्लेर्व्होचा बर्नार्ड, याने बजावलं की पैसे किंवा खंडणी घेऊन तह करायचा नाही. त्यांचा धर्म तरी संपला पाहिजे नाहीतर ते लोक तरी.

फौज निघाली आणि श्टेटिनला पोचली. आजचं पोलंडमधलं श्चेचिन. वेढा पडला, तर तटावर क्रूस दिसायला लागले. शहर आधीच ख्रिस्ती झालेलं! बामबर्गचा बिशप ऑटो ११२४ मध्ये आणि पुन्हा ११२८ मध्ये तिथे येऊन शांतपणे प्रवचनं देऊन गेला होता. स्थानिक बिशप बाहेर आला आणि म्हणाला, धर्म पक्का करायला आला असाल तर शस्त्रं घेऊन नाही, उपदेश घेऊन यायचं होतं. फौज खाली मान घालून परत. दुसरीकडे, दोबिन नावाच्या किल्ल्यात वेंडांनी बाप्तिस्म्याला होकार दिला, फौजेची पाठ वळली आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

फौज असेपर्यंत बाप्तिस्मा, फौज गेली की जुने देव. हे पुढची दीडशे वर्षं पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

किल्ला घ्या, बाप्तिस्मा द्या

आता खरी गोष्ट. डौगावा नावाची मोठी नदी लॅटव्हियातून वाहत रीगाच्या आखाताला मिळते. तिच्या काठी लिव नावाचे लोक राहायचे, म्हणून त्या मुलुखाला लिव्होनिया म्हणत. जर्मन व्यापारी मेण, कातडी, फर घ्यायला या नदीतून वर जायचे. त्यांच्याबरोबर ११८० च्या दशकात मैनहार्ड नावाचा एक वयस्कर धर्मोपदेशक आला.

ही सगळी हकिकत आपल्याला कळते ती हेन्री नावाच्या पाद्र्यामुळे. त्याने १२२५ च्या सुमारास लिव्होनियाची बखर लिहिली. हेन्री स्वतः या मोहिमांत होता आणि अर्थातच एका बाजूचा होता. लिव लोकांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे खालचं प्रत्येक वाक्य जिंकणाऱ्याच्या माणसाने सांगितलेलं आहे, हे डोक्यात ठेवा. गंमत म्हणजे तरीही लिव लोक त्यात इतके जिवंत दिसतात.

मैनहार्डच्या गावावर लिथुएनियन टोळ्यांनी धाड घातली. तो लिवांना म्हणाला, तुमच्याकडे तटबंदी नाही म्हणून ही वेळ येते. बाप्तिस्मा घ्या, मी दगडी किल्ला बांधून देतो. ते ‘हो’ म्हणाले. गोटलंड बेटावरून गवंडी आले, किल्ला उभा राहिला. त्या भागात चुन्यात बांधलेली भिंत कोणी पाहिली नव्हती. शेजारच्या सेमिगालियन लोकांनी ऐकलं आणि जहाजांचे जाड दोर घेऊन आले, किल्ला नदीत ओढून टाकायला! त्यांना वाटलं दगडावर दगड नुसते रचून ठेवलेत. वरून बाण सुरू झाल्यावर बिचारे परत गेले.

पण किल्ला पुरा झाल्यावर लिवांनी काय केलं? ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता ते पुन्हा जुन्या देवांकडे. नदीत उतरून त्यांनी बाप्तिस्मा धुऊन टाकला. त्यांचं लॉजिक एकदम साफ आहे. पाण्याने लागला, पाण्याने जाईल. होल्म नावाच्या शेजारच्या गावाने सेम तेच केलं. किल्ला बांधून घेतला आणि मग नदीवर आंघोळ.

मैनहार्डचा एक सोबती होता, थिओडोरिक. त्याच्या शेतातलं पीक चांगलं आलं आणि लिवांचं पावसाने कुजलं. लिवांनी ठरवलं, याला देवाला बळी द्यायचं. आधी देवाचा कौल घेतला. जमिनीवर भाला ठेवायचा आणि घोड्याला चालवायचं. कुठला पाय आधी पडतो त्यावरून जगवायचं की मारायचं ते ठरणार. घोड्याने जगवायचा पाय टाकला. पुजारी म्हणाला, थांबा, ख्रिस्त्यांचा देव घोड्याच्या पाठीवर बसलाय आणि तोच पाय हलवतोय, पाठ पुसून काढा. पाठ पुसली, पुन्हा घोडा चालवला, पुन्हा तोच पाय. थिओडोरिक वाचला. आपल्याकडे गावदेवीला कौल लावताना पाहिलेल्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

११९६ मध्ये मैनहार्ड वारला. पुढचा बिशप बेर्टोल्ड आधी एकटा आला, मग ११९८ मध्ये फौज घेऊन. लिवांनी विचारलं, फौज कशाला? तो म्हणाला, कुत्रा ओकलेलं पुन्हा खातो तसे तुम्ही जुन्या धर्माकडे गेलात म्हणून. लढाई झाली. जर्मन जिंकले, पण बेर्टोल्डचा घोडा उधळून त्याला थेट शत्रूच्या घोळक्यात घेऊन गेला आणि इमाउत नावाच्या लिवाने त्याला पाठीत भाला मारला. हरलेल्या लिवांनी बाप्तिस्मा घेतला. जहाजं परत निघाली आणि लिव पुन्हा डौगावात. या वेळी म्हणाले, हे पाणी आणि हा ख्रिस्ती धर्म, दोन्ही जाणाऱ्यांच्या मागे परत पाठवतोय. कोणा जर्मनाने झाडाच्या फांदीवर माणसाचं तोंड कोरून ठेवलं होतं. लिवांना वाटलं हा त्यांचा देव, हाच पूर आणि रोगराई आणतो. त्यांनी मध उकळून मद्य केलं, प्यायले, ते तोंड तराफ्यावर ठेवलं आणि पाठवून दिलं समुद्राकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’.

तिसऱ्या बिशपने काय बदललं

इथपर्यंतचा स्कोअर बघा. उपदेश फसला, लालूच फसली, एकदाच फौज नेणंही फसलं. तिसरा बिशप आल्बर्ट. हा माणूस, खरं सांगू, मला अजिबात आवडत नाही, पण त्याच्यासारखा सिस्टिम बांधणारा माणूस क्वचित सापडतो.

तो १२०० मध्ये २३ जहाजं घेऊन आला आणि १२०१ मध्ये नदीच्या मुखाजवळ रीगा शहर वसवलं. आता जर्मन व्यापारी, पाद्री आणि सैनिक यांना बारा महिने राहायला जागा झाली. फौज परत गेली तरी शहर परत जाणार नव्हतं. दुसरं, दर वर्षी तो जर्मनीत जायचा आणि नवे यात्रेकरू-सैनिक आणायचा. वसंतात बर्फ वितळलं की जहाजं येणार, वर्षभर लढले की त्यांचं पुण्य जमा, पुढच्या वर्षी नवी बॅच. तिसरं, १२०२ मध्ये कायमची तैनाती फौज उभी राहिली, ‘तलवार-बंधू’ नावाची. अंगावर पांढरा झगा, त्यावर लाल तलवार आणि क्रूस. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले संन्यासी, पण धंदा लढाईचा. ही संघटना स्थापन करणारा कोण? तोच थिओडोरिक, ज्याला घोड्याने वाचवलं होतं.

चौथी गोष्ट कागदावरची होती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चर्चचा जुना नियम होता की जबरदस्तीने कोणाला ख्रिस्ती करता येत नाही. श्रद्धा मनातून यायला हवी. मग तलवारीचं काय? १२०१ मध्ये, रीगा वसलं त्याच वर्षी, पोप इनोसंट तिसरा याने फ्रान्समधल्या आर्लच्या आर्चबिशपला एक पत्र लिहिलं. त्यात त्याने फरक केला. जो शेवटपर्यंत ‘नाही, नाही’ म्हणत राहिला त्याचा बाप्तिस्मा खरा नाही. पण ज्याने धाकाला घाबरून, नुकसान टाळायला का होईना, ‘हो’ म्हटलं, त्याच्यावर शिक्का बसला. तो आता ख्रिस्ती, आणि त्याला ख्रिस्ती राहायला भाग पाडता येतं.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे एका विशिष्ट पद्धतीने दिसतं. आत यायचं दार ‘ऐच्छिक’ आहे असं लिहिलेलं आहे, पण बाहेर पडायचं बटणच नाही. लिव नदीत उतरून जे करत होते ते त्यांच्या दृष्टीने करार मोडणं होतं. चर्चच्या दृष्टीने तो धर्मत्याग होता, आणि धर्मत्याग्यांवर युद्ध करायला नियमात जागा होती. म्हणजे पहिला बाप्तिस्मा कसाही मिळवा, नंतरचं प्रत्येक युद्ध कायदेशीर.

एस्टोनियात तर हे पार हास्यास्पद टोकाला गेलं. १२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा उतरला, आज जिथे टाल्लिन आहे तिथे. आता रीगाचे जर्मन आणि डॅनिश यांच्यात स्पर्धा लागली, कोण आधी बाप्तिस्मा देतो. कारण ज्याचा बाप्तिस्मा त्याची जमीन, त्याचा कर. डॅनिश लोक पुढच्या गावांना शेतकऱ्यांच्या हाती पवित्र पाणी पाठवून द्यायचे, की आम्ही येईपर्यंत शिंपडून घ्या. आणि ताबेलिन नावाच्या एका एस्टोनियन मुखियाला डॅनिशांनी फाशी दिली. गुन्हा काय? बाप्तिस्मा घेतला, पण जर्मनांकडून.

बरं, सगळे स्थानिक लोक विरोधातच होते असंही नाही. काउपो नावाचा लिव सरदार मनापासून ख्रिस्ती झाला. १२०३ मध्ये थिओडोरिक त्याला रोमला घेऊन गेला, पोपने शंभर सोन्याची नाणी दिली. १२१७ मध्ये तो एस्टोनियनांविरुद्ध जर्मनांच्या बाजूने लढताना मेला. आज लॅटव्हियात कोणाला तो दूरदृष्टीचा वाटतो, कोणाला फितूर. लाटगालियन टोळ्यांनीही जर्मनांची बाजू धरली, कारण त्यांना लिव, एस्ट आणि लिथुएनियन या तिघांचा जाच होता. जुनी भांडणं होतीच, जर्मनांनी त्यात जागा शोधली.

एक प्रसंग सांगतोच. १२०५-०६ च्या हिवाळ्यात रीगात बायबलच्या कथांवर एक नाटक केलं, नवख्यांना धर्म समजावा म्हणून. दुभाषी बाजूला उभा राहून अर्थ सांगत होता. गिदोनची फौज लढायला स्टेजवर आली आणि प्रेक्षकांतले पेगन लोक पळत सुटले. त्यांना वाटलं आता आपल्याला मारणार. हळूहळू समजावून परत आणावं लागलं. हेन्रीने हे थोडं गमतीने लिहिलंय. मला ते वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. त्या लोकांनी क्रूस आणि तलवार कधी वेगवेगळी पाहिलीच नव्हती.

प्रशिया: कराराची दुसरी बाजू

१२३६ मध्ये सौले इथे तलवार-बंधूंचा इतका दारुण पराभव झाला की उरलेसुरले पुढच्या वर्षी दुसऱ्या संघटनेत विलीन झाले. ही दुसरी संघटना म्हणजे ट्युटॉनिक ऑर्डर. जन्म अक्कोमधला, ११९० च्या वेढ्यात जर्मन जखमींसाठी काढलेलं इस्पितळ. तिला पोलंडच्या माझोव्हियाचा ड्यूक कोनराड याने बोलावलं होतं, शेजारच्या प्रशियन टोळ्यांचा बंदोबस्त करायला. पाहुणा आला आणि घराचा मालक झाला. १२३० च्या सुमारास काम सुरू झालं ते १२८३ पर्यंत.

हे मूळचे प्रशियन जर्मन नव्हेत हं. त्यांची भाषा लिथुएनियन-लॅटव्हियनच्या घरातली. पुढे जर्मनांनी त्यांचं नावच घेतलं.

१२४९ चा क्रिस्टबुर्गचा तह वाचण्यासारखा आहे. पोपच्या प्रतिनिधीने मध्यस्थी केली. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रशियनांना हक्क मिळाले. मालमत्ता वारसाने देता येईल, खरेदी-विक्री करता येईल, पाद्री होता येईल, खानदानी घरातल्यांना नाइटही होता येईल. बदल्यात प्रेतं जाळायची नाहीत, एकापेक्षा जास्त बायका नाहीत, जुन्या देवांची पूजा नाही, चर्च बांधून द्यायची. आणि धर्म सोडला तर हे सगळे हक्क गेले. तलवारीपेक्षा हे प्रकरण जास्त हुशार आहे, नाही का? धर्म म्हणजे नागरिकत्व.

पण करार टिकवायचा तर दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. १२६० मध्ये दुर्बे इथे लिथुएनियनांच्या भाईबंदांनी, म्हणजे सामोगितियनांनी ऑर्डरला झोडपलं. तिथे ऑर्डरने सक्तीने आणलेले कुरोनियन सैनिक मागून ऑर्डरवरच उलटले. बातमी पसरली आणि प्रशियन टोळ्या एकामागून एक उठल्या. त्यांचा एक पुढारी हेर्कुस मोंते. त्याला लहानपणी ओलीस म्हणून जर्मनीत मागडेबुर्गला नेऊन चांगलं ख्रिस्ती शिक्षण दिलं होतं. तोच परत येऊन ऑर्डरविरुद्ध लढला, आणि १२७३ मध्ये पकडून मारला गेला. ज्यांनी बंड केलं त्यांचे करारातले हक्क गेले. जर्मन शेतकरी, कारागीर येऊन वसले. प्रशियन उरले ते खालच्या थराला.

जिथे युद्ध हरलं: लिथुएनिया

आता उलट बाजू. लिथुएनियाचा राजा मिंडाउगास याने १२५१ मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला आणि १२५३ मध्ये त्याला पोपच्या मान्यतेने मुकुट मिळाला. राजकारण होतं, पण ठीक. १२६३ मध्ये त्याचा खून झाला आणि देश पुन्हा पेगन राज्यकर्त्यांकडे. त्यानंतर सव्वाशे वर्षं ऑर्डर लढत राहिली आणि लिथुएनिया वाढत राहिला. लक्षात घ्या, या राज्यातली बहुतेक प्रजा स्लाव आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होती. राजा पेगन, प्रजा ख्रिस्ती, अशी उलटी रचना.

१३२३ मध्ये राजा गेडिमिनासने युरोपातल्या शहरांना पत्रं पाठवली. कारागीर या, व्यापारी या, पाद्री पण या. पोपचे दूत १३२४ मध्ये मोठ्या आशेने पोचले. गेडिमिनास त्यांना म्हणाला, ख्रिस्ती त्यांच्या पद्धतीने पूजा करतील, रशियन त्यांच्या, पोल त्यांच्या, आम्ही आमच्या, आणि आपल्या सगळ्यांचा देव एकच आहे. बाप्तिस्मा मात्र नको. ख्रिस्त्यांकडून जे भोगलं त्यानंतर कशाला, असा त्याचा सूर होता.

ऑर्डरच्या दृष्टीने हे सोयीचंच. लिथुएनिया पेगन असेपर्यंत ऑर्डरला काम होतं. चौदाव्या शतकात ही मोहीम जवळपास सीझनल टूर झाली. वर्षातून साधारण दोनदा, एकदा हिवाळ्यात दलदल गोठल्यावर, एकदा उन्हाळ्यात. फ्रान्स, इंग्लंडहून तरुण सरदार यायचे, निवडक शूरांना मानाच्या टेबलावर जेवण मिळायचं. ऑर्डरकडे लिथुएनियात जायच्या वाटांची सुमारे शंभर वर्णनं लिहून ठेवलेली होती. कुठे मुक्काम, कुठे पाणी, कुठे घोड्याला गवत, कुठे पूल बांधावा लागेल, कोण वाटाड्या. चौदाव्या शतकातलं गूगल मॅप्स म्हणा, फक्त पोचल्यावर गाव जाळायचं.

एवढं करून लिथुएनिया ख्रिस्ती झाला का? झाला. पण लग्नाने. १३८५ मध्ये क्रेवो इथे बोलणी झाली. पोलंडच्या गादीवर यादविगा नावाची बारा वर्षांची मुलगी होती, तिला वर हवा होता. लिथुएनियाचा योगाइला म्हणाला, मी कॅथलिक होतो. १५ फेब्रुवारी १३८६ ला क्राकूफमध्ये बाप्तिस्मा, तीन दिवसांनी लग्न, ४ मार्चला राज्याभिषेक. (यादविगाचं आधी ऑस्ट्रियाच्या विल्यमशी ठरलेलं होतं. तिला कोणी विचारलं असेल असं समजू नका.) १३८७ मध्ये योगाइला व्हिलनियसला आला, पवित्र अग्नी विझवला, देवराया तोडल्या. पुढच्या शतकातला पोलिश इतिहासकार द्लुगोश लिहितो की लोकांना गटागटाने बाप्तिस्मा दिला, एका गटाला एकच नाव, आणि प्रत्येकाला पोलंडहून आणलेला पांढरा लोकरी सदरा. सदरा मिळतो म्हणून गर्दी झाली म्हणे.

हे काही हृदयपरिवर्तन नव्हे. पण ज्या कारणासाठी शंभर वर्षं माणसं मारली ते काम एका करारात, रक्त न सांडता झालं. आणि मला वाटतं ते उशिरा होण्याचं एक कारण क्रुसेडच होतं. क्रूस शत्रूच्या झग्यावर असेल तर तो घेणं म्हणजे शरणागती. पोलंडकडून तोच क्रूस बरोबरीच्या नात्याने आला, तेव्हा घेता आला.

ऑर्डरने काय केलं? थांबली नाही. १३९० मध्ये इंग्लंडचा हेन्री बोलिंगब्रोक, जो पुढे राजा हेन्री चौथा झाला, ऑर्डरबरोबर व्हिलनियसच्या वेढ्यात लढला. तोपर्यंत त्या शहरात कॅथलिक कॅथेड्रल होतं! पुढे १५ जुलै १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड-लिथुएनियाने ऑर्डरचं कंबरडं मोडलं.

मग हे भांडण कोर्टात गेलं म्हणा ना. १४१४ ते १४१८ कॉन्स्टन्स इथे चर्चची मोठी परिषद भरली. तिथे क्राकूफ विद्यापीठाचा पावेल व्लोदकोविच उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की पेगन माणसाचाही आपल्या जमिनीवर हक्क असतो, तो पेगन आहे एवढ्यावरून ती हिसकावता येत नाही, आणि सक्तीने दिलेली श्रद्धा ही श्रद्धाच नाही. सामोगितियन लोकांचं शिष्टमंडळही तिथे पोचलं, ऑर्डरच्या जुलमाची तक्रार घेऊन. परिषदेने ऑर्डर काही बरखास्त केली नाही. पण १४१७ मध्ये सामोगितियाला स्वतःचा बिशप मिळाला, आणि ऑर्डरच्या हातून ते काम गेलं.

तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, गोव्याचा याच्याशी संबंध आहे का? एक थेट धागा आहे. जेरुसलेमच्या क्रुसेडमधले टेम्पलर नाइट्स १३१२ मध्ये बरखास्त झाले, पण पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये त्यांच्या मालमत्तेवर ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभी केली. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा तो लाल क्रूस याच ऑर्डरचा. १५१० मध्ये मांडवीत शिरलेली जहाजं त्या परंपरेतली. पण गोव्याची कथा वेगळी आहे, ती घाईत सांगणं बरोबर नाही.

मग मागे काय राहिलं?

लिव्होनिया, एस्टोनिया, प्रशिया कागदावर ख्रिस्ती झाले, यात शंका नाही. ते तलवारीने झालं का? तलवारीने जमीन मिळाली. धर्म टिकला तो रीगासारख्या शहरामुळे, किल्ल्यांमुळे, बाहेर पडायचं दार बंद करणाऱ्या कायद्यामुळे आणि येऊन वसलेल्या लोकांमुळे. वर जर्मन जमीनदार, खाली लॅटव्हियन-एस्टोनियन शेतकरी, ही उतरंड त्यानंतर कित्येक शतकं हलली नाही. हे शेतकरी पुढे भूदास झाले, म्हणजे जमिनीला बांधलेले. त्यांची सुटका एस्टोनियात १८१६ मध्ये झाली आणि लिव्होनियात १८१९ मध्ये. संपूर्ण बायबल एस्टोनियन भाषेत छापलं गेलं १७३९ मध्ये, म्हणजे पहिल्या बाप्तिस्म्यानंतर पाचशे वर्षांनी. एवढी वर्षं देव परक्या भाषेत बोलत होता.

२०२१ च्या जनगणनेत लिथुएनियात साधारण ७४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं. एस्टोनियात कुठलाही धर्म मानणारे मिळून साधारण २९ टक्के. आता लगेच ‘बघा, क्रुसेडचा परिणाम’ असा स्क्रीनशॉट फिरवू नका. मधे ल्यूथरची सुधारणा आहे, सोव्हिएत राजवट आहे, लिथुएनियात चर्चने त्या राजवटीला केलेला विरोध आहे. पण एस्टोनियन शेतकऱ्याला चर्च म्हणजे जमीनदाराचं घर वाटायचं, ही गोष्ट त्या आकड्याच्या तळाशी कुठेतरी आहेच.

आणि प्रशियन? १५२५ मध्ये ट्युटॉनिक ऑर्डरचा प्रमुख आल्ब्रेख्त स्वतःच ल्यूथरच्या बाजूला गेला, प्रशियातली ऑर्डरची राजवट संपवली आणि ड्यूक झाला. पोपसाठी जिंकलेला मुलूख पोपला सोडून गेला. त्याच्याच काळात कोणाच्या तरी लक्षात आलं की खेड्यांतल्या म्हाताऱ्या प्रशियनांना अजून जर्मन येत नाही, मग त्यांना धर्म समजणार कसा. १५४५ मध्ये दोन आणि १५६१ मध्ये एक, अशा तीन छोट्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका प्रशियन भाषेत छापल्या. म्हणजे विजय पुरा झाल्यावर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत छापील पुस्तकातून बोलायचं सुचलं. तोवर भाषा संपत आली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, प्लेगच्या साथीनंतर, ती बोलणारं कोणी उरलं नाही.

आज भाषाशास्त्रज्ञांना प्रशियन भाषेत सलग वाक्यं वाचायची असतील तर मुख्यतः याच तीन पुस्तिका आहेत. त्या लोकांची स्वतःची गाणी, शिव्या, देवांची स्तोत्रं यातलं जवळपास काहीच नाही. उरलंय ते दहा आज्ञा, ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’ आणि बाप्तिस्मा कसा द्यावा याच्या सूचना.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू.